देवीच्या कानात सांगितलेला पत्ता

छिंगशुईकाकांचा आवाज ही बूदाय बंदराची सार्वजनिक मालमत्ता होती, पाण्याच्या टाकीसारखी. उभं आयुष्य त्यांनी मासळीच्या लिलावात पुकारा करण्यात घालवलं. होड्या लागल्या, की ओल्या फरशीवर रबरी बूट घालून उभे राहायचे आणि असा काही सपाटा लावायचे, की समोरच्या दलालाला नाकावरची माशी हाकलायलाही फुरसत मिळू नये. मासा, वजन, भाव, घेणाऱ्याचं नाव, सगळं एका दमात. हातात कागद नाही, कानावर पेन्सिल नाही. काल कोणी किती टोपल्या बोईट उचलली, हे दलाल स्वतः विसरायचा, काका विसरत नसत.

मग वय झालं आणि हा आवाज निवृत्त होऊन घरी आला. घर लहान. काका जेवताना "मीठ!" म्हणाले की शेजारीण मीठ घेऊन यायची. बायको युएलीकाकू दिवसभर कालवं फोडायच्या शेडमध्ये असायची म्हणून तिचे कान शाबूत राहिले, पण तिनेही शेवटी मात्सू आईपुढे उदबत्ती लावली आणि सांगितलं, "आई, ह्यांना कुठेतरी कामाला लाव. घरात माणूस हवा, भोंगा नको."

मात्सू आई दर्यावर्दींची, तिला वादळातही ऐकू येतं. त्याच महिन्यात देवळातल्या गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्याची कवळी ऐन समारंभात निसटून उदबत्तीच्या राखेत पडली, आणि त्याने हात जोडून रजा घेतली. ती जागा काकांकडे आली.

गाऱ्हाणं म्हणजे भक्तांची नावं पिवळ्या कागदावरून आईला मोठ्याने वाचून दाखवायची, आणि वाचून झालं की कागद भट्टीत जाळायचे, म्हणजे धुराबरोबर वर पोचतात. आता आईला नुसतं नाव सांगून भागत नाही. एकाच नावाची माणसं बेटावर ढिगाने. म्हणून नाव, मग जन्मतिथी, जन्माची वेळ, आणि शेवटी पत्ता. पत्ता म्हणजे गाव, गल्ली, घर, मजला. मजल्याच्या बाबतीत काका फार कडक होते. मागे एका सुनेने मजला लिहिला नाही. सासूचा गुडघा होता तसाच राहिला, आणि खालच्या मजल्यावरच्या, देवळाची पायरीही न चढणाऱ्या माणसाला सोडतीत स्कूटर लागली. ही गोष्ट काका प्रत्येकाला ऐकवत. त्यात स्कूटरचा रंग दर वेळी बदलायचा, पण मजला कायम तिसराच.

वाचून वाचून अख्ख्या गावाचे पत्ते त्यांना तोंडपाठ झाले. देवळापुढच्या वडाखाली चहाच्या टेबलावर हा खेळच होऊन बसला. त्यांचा जुना दोस्त चिन्हाय, पूर्वीचा होडीवाला, कोणी पाहुणा आला की म्हणायचा, "विचारा ह्याला कोणाचाही पत्ता! चुकला तर चहा माझ्याकडून." काका डोळे मिटून जन्मवेळेसकट पत्ता फेकायचे आणि पाहुणा थक्क व्हायचा. चिन्हायवर चहा पाजायची पाळी कधी आली नाही. काकांना ह्याचा अभिमान होता आणि तो ते लपवत नसत. मुळात ते काही लपवतच नसत. युएलीकाकू म्हणायची, "ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. सगळी कालवं आम्ही फोडायची आणि सगळ्या बातम्या ह्यांनी."

मग देवळात मोबाईल आला. देवस्थानचे प्रमुख ह्वांगशेठ, बर्फाच्या कारखान्याचे मालक, हौशी माणूस. गावातली अर्धी पोरं ताइपेला आणि काओश्युंगला गेलेली, तेव्हा समारंभ त्यांना लाइव्ह दाखवू या, असं त्यांच्या मनात आलं. मोबाईल उभा करायला तिकाटणं आलं, काकांच्या गळपट्टीला बोटाएवढा माइक लागला, आणि काकांचा आवाज बेटभर जाऊ लागला. लांबची माणसं टपालाने नावं पाठवू लागली. आपलं नाव, आपला पत्ता काकांच्या तोंडून ऐकताना लोक पडद्यावर लाल बदाम उडवायचे. जुने व्हिडिओ देवळाच्या पानावर राहायचे, कोणीही कधीही पाहावेत. काओश्युंगची नात फोनवर म्हणाली, "आजोबा, माझ्या वर्गातले सगळे तुमचा आवाज काढतात." काका तीन दिवस जमिनीवर चालत नव्हते.

नव्या वर्षाच्या सुमारास दिवे लावायची गर्दी असते. भिंतभर छोटे दिवे, प्रत्येकाखाली नाव, वर्षभर तेवत राहायचे. ज्याच्या जन्मवर्षाचं त्या साली वर्षदेवतेशी वाकडं येतं, त्याला तर दिवा लावावाच लागतो. अशाच एका दुपारी काका देवळाच्या नावनोंदणीच्या खिडकीत बसले असताना एक बाई आली. तिशी-पस्तिशीची, हाताच्या बोटांना कालवांच्या शिंपल्यांचे चिरे, डोक्यावर उन्हाची टोपी आणि तिच्याखाली चेहऱ्याला गुंडाळलेला रुमाल. शेडमधल्या सगळ्याच बायका तशा असतात, फक्त त्या देवळात येताना रुमाल काढतात.

"मुलीसाठी दिवा लावायचाय," ती म्हणाली. "यंदा तिचं वर्ष वाईट आहे."

काकांनी कागद पुढे सरकवला. तिने मुलीचं नाव लिहिलं, जन्मतिथी लिहिली, वेळ लिहिली आणि पेन ठेवलं.

"पत्ता राहिला, बाई."

"पत्ता नाही लिहिला तर चालेल का?"

"कसं चालेल?" काका म्हणाले. त्यांचं साधं बोलणंसुद्धा अंगणापर्यंत ऐकू जायचं. "आईने आशीर्वाद पाठवायचा कुठे? समुद्रात? मागे एका सुनेने मजला लिहिला नाही..."

स्कूटरची गोष्ट झाली. बाई हसली नाही. ती तिकाटण्यावरच्या मोबाईलकडे बघत होती.

"हे सगळं त्याच्यात ऐकू येतं?"

"सगळं! अगदी ताइपेपर्यंत!" काकांनी छाती फुगवली. "एक अक्षर इकडचं तिकडे नाही."

"आणि नंतर पुसतात का?"

"पुसायचं कशाला? कायम राहतं. कोणीही कधीही ऐकावं!"

बाईने कागद ओढून घेतला, चार घड्या घातल्या, मुठीत धरला. "मी आईला मनातल्या मनात सांगेन," म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. मुलीचा दिवा राहिला तो राहिलाच.

काकांना राग आला. संध्याकाळी भातावर माशाचा रस्सा ओतता ओतता त्यांनी युएलीकाकूला सगळं सांगितलं. "कसली माणसं असतात! देवीपासून पत्ता लपवतात! काय केलंय काय हिने, दरोडा?"

युएलीकाकूने चॉपस्टिक्स वाडग्यावर ठेवल्या.

"टोपी निळी होती?"

"निळीच. का?"

"ती माझ्या शेजारी बसते फोडायला. फान याचिन. दीड वर्ष झालं."

"मग तू मला कधी बोलली नाहीस!"

"तुम्हाला?" काकू म्हणाली. "तुम्हाला सांगायचं तर सरळ बंदरावरच्या भोंग्यातच सांगितलेलं काय वाईट? आम्ही कालवं फोडतो हो, माणसं नाही फोडत. दीड वर्ष मी हे पोटात ठेवलंय, आणि आज सांगतेय ते तुम्ही मूर्खासारखं काही करून बसाल म्हणून. कान इकडे करा."

मग तिने सांगितलं. याचिनचा नवरा उत्तरेकडे असतो. त्याने तिला मारून मारून एकदा हात मोडला होता. कोर्टाने त्याला जवळ फिरकायची बंदी केली, पण कोर्ट काही दाराशी खुर्ची टाकून बसत नाही. पहिल्यांदा ती पळाली तेव्हा दुसऱ्या गावी मुलीला शाळेत घातलं. शाळेच्या क्रीडादिनाचा फोटो कोण्या हौशी पालकाने टाकला. रांगेत मुलगी, पोरांच्या छातीवर शाळेचं नाव. थोड्याच दिवसांत नवरा शाळेच्या फाटकाशी उभा. तेव्हापासून बाई फोटोत येत नाही, मोबाईलवर कुठे नाव टाकत नाही, पार्सलवरची पत्त्याची चिठ्ठी फाडून चुलीत घालते. कुठे राहते ते काकूलाही ठाऊक नव्हतं आणि काकूने विचारलंही नव्हतं.

"तिच्या दाराशी एक पिशवी असते," काकू म्हणाली. "तिचे दोन कपडे, पोरीचे दोन कपडे, कागदपत्रं. दार वाजलं की आधी पिशवीला हात जातो. अशी बाई, आणि तुम्ही तिला स्कूटरची गोष्ट सांगितलीत."

काकांना लाज वाटली, आणि लाज वाटायची सवय नसल्यामुळे ती कुठे ठेवावी ते कळेना. भांडी त्यांनीच घासली.

पहिल्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला मोठं गाऱ्हाणं असतं. देऊळ माणसांनी गच्च भरलेलं, बाहेर फटाके, आत धूर. आईच्या दोन्ही बाजूंना तिचे दोन रखवालदार उभे, एकाला हजार कोसांवरचं दिसतं आणि दुसऱ्याला वाऱ्यावरचं ऐकू येतं. समोर तिसरा, ह्वांगशेठांचा मोबाईल. काका रेशमी झगा घालून, गळपट्टीला माइक लावून वाचत सुटले होते. आवाज लागलेला होता. घरामागून घर, गल्लीमागून गल्ली.

मग चिन्हायच्या घराचा कागद वर आला. आपल्याकडे घरचा कर्ता छपराखालच्या सगळ्यांची नावं घालतो, आणि चिन्हाय उदार माणूस. स्वतः, बायको, मुलगा, सून, नातू. काका त्याच झपाट्यात पुढे गेले, "फान याचिन..."

नाव तोंडातून गेलं आणि मग डोक्यात शिरलं. चिन्हायने वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीचं नाव घातलं होतं. तिला न विचारता, प्रेमाने. तिच्याखाली मुलीचं नाव, आणि त्याच्याखाली, चिन्हायच्या सुवाच्य अक्षरात, गाव, गल्ली, घर, मजला.

काकांच्या जिभेने आयुष्यात कधी ओळ गाळली नव्हती. गाळली तर पोरीचं काय? यंदा तिचं वर्ष वाईट, दिवा आधीच राहिलेला. वाचली तर ताइपेपर्यंत. लोकांनी बघितलं तर काका तोंड उघडं ठेवून उभे. कोणाला वाटलं चक्कर आली. मग काकांनी डाव्या हाताने माइक मुठीत आवळला, आईच्या चौथऱ्याच्या पायऱ्या चढले, थेट तिच्या मूर्तीच्या कानाशी तोंड नेलं, आणि उरलेला कागद कुजबुजत वाचला. पोरीचं नाव, तिथी, वेळ, पत्ता, मजला.

देवळात इतकी शांतता पसरली की बाहेरच्या फटाक्याला एक बाई दचकून किंचाळली.

काका खाली उतरले. पुढचा कागद घेतला, नाव मोठ्याने वाचलं, तिथी आली तशी मूठ आवळली, पायऱ्या चढले, कानात सांगितलं, उतरले. त्याच्या पुढचाही तसाच. एकट्या चिन्हायचाच कानात सांगितला असता तर सगळ्यांच्या नजरा चिन्हायच्या घराकडे वळल्या असत्या, एवढं लिलावात मुरलेल्या माणसाला कळतं. वर-खाली करता करता गुडघे कुरकुरायला लागले, पण शेवटच्या कागदापर्यंत त्यांनी तोच क्रम ठेवला. समारंभ संपायला दुपार कलली.

ह्वांगशेठ वाटच बघत होते. "छिंगशुईदादा, काय चाललंय हे? लोक लिहून राहिलेत आवाज गेला, आवाज गेला! आपला पत्ता ऐकायला मिळावा म्हणून लोक नावं पाठवतात!"

"पत्ता आईसाठी असतो, शेठ. लोकांसाठी नाही."

"आजवर तुम्हीच तर बोंबलून सांगत होता!"

"सांगत होतो. चुकत होतो," काका म्हणाले. कारण सांगता येत नव्हतं, सांगितलं की झालंच. त्यांनी रखवालदारांकडे बोट केलं. "शेठ, हे दोघे आधी कोण होते?"

"राक्षस होते. पोरंसोरंही सांगतील."

"राक्षसच. एकाला लांबचं दिसायचं, एकाला लांबचं ऐकू यायचं, आणि दोघे मिळून लोकांना छळायचे. आईने हरवलं, ताब्यात ठेवलं, म्हणून आज आपल्या कामी येतात. ह्या तुमच्या मोबाईललाही लांबचं दिसतं आणि लांबचं ऐकू जातं. हा कोणाच्या ताब्यात आहे?"

शेठ काही हरले नाहीत. "आपण कोण ठरवणार? आईला विचारू. कौल लावा."

चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे काकांनी हातात घेतले. एक उताणा, एक पालथा पडला म्हणजे आई हो म्हणाली. लागोपाठ तीनदा व्हायला हवं. काका गुडघे टेकून म्हणाले, "आई, नाव सगळ्यांपुढे घेतो. तिथी आणि पत्ता फक्त तुझ्या कानात. चालेल का?"

तुकडे पडले. दोन्ही उताणे.

"हसतेय!" शेठ म्हणाले. "आई तुम्हाला हसतेय, दादा!"

"हसू दे. मलाही माझंच हसू येतंय," काका म्हणाले आणि तुकडे उचलले.

एक उताणा, एक पालथा. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा एक तुकडा घरंगळत शेठांच्या बुटापाशी गेला, कडेवर थरथरला आणि पालथा पडला. शेठांनी वाकून नमस्कार केला. आईने सांगितल्यावर तो माणूस हटून बसणाऱ्यातला नव्हता.

"आणि जुने व्हिडिओ?" त्यांनी विचारलं.

काकांना हा प्रश्न नको होता. त्या व्हिडिओंत त्यांचा आवाज होता. दात अजून शाबूत असतानाचा, दम अजून असतानाचा. नातीच्या वर्गातली पोरं ज्याची नक्कल करत तो. ते गेले तर काकांचं काय उरणार होतं? मासळीबाजारात तर आता यंत्रावर आकडे दाबतात. काकांना रडू आलं आणि त्यांनी ते धुरावर ढकललं.

"कागद वाचून झाला की आपण जाळतो ना?" ते म्हणाले. "तेही जाळा."

शेठांनी तिथेच उभ्या उभ्या सगळे व्हिडिओ काढून टाकले. तोपर्यंत कोणी उतरवून घेतलं असेल तर त्याला इलाज नव्हता, आणि एक नाव वाऱ्यावर गेलं होतं ते परत येणार नव्हतं. घरी जाऊन काकांनी युएलीकाकूला खरं काय ते सांगितलं. काकूने शिव्या घातल्या, मग त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये तिने याचिनला हळूच सांगितलं. याचिनने कालव फोडायचं थांबवलं नाही, फक्त चाकू एकदा शिंपल्यावरून सटकला. ती म्हणाली, "दोन महिने बघते. नाहीतर पिशवी आहेच."

दोन महिने व्हायच्या आत तो आला.

वडाखाली चहाचं टेबल लागलेलं. काका आणि चिन्हाय बुद्धिबळाचा डाव मांडून बसले होते. इस्त्रीचा शर्ट घातलेला चाळिशीचा माणूस गाडीतून उतरला, देवळाकडे बघून हात जोडले, आणि थेट टेबलाशी येऊन वाकला. हातात डोंगरावरच्या उंची चहाचा डबा.

"काका, तो गाऱ्हाण्याचा आवाज तुमचाच ना? ऐकताच ओळखला! काय आवाज आहे!" डबा त्याने दोन्ही हातांनी पुढे केला. "एक लहानसं काम होतं. माझी चुलत बहीण, फान याचिन. घरी आमची आजी अंथरुणाला खिळलीय, हिचंच नाव घेते. रागावून निघून गेलीय वेडी. पौर्णिमेला तुम्ही तिचं नाव घेतलंत, मी स्वतः ऐकलं. पत्ता तेवढा ऐकू आला नाही."

काय गोड बोलत होता! आणि समोर चिन्हायचा चेहरा उजळला.

"अहो, मग अगदी योग्य माणसाला गाठलंत!" चिन्हाय म्हणाला. "ह्याला अख्खं गाव तोंडपाठ आहे, चुकला तर चहा माझ्याकडून! आणि फान म्हणजे आपली ती वर..."

"फाऽऽन!" काकांनी असा आवाज टाकला की वडावरचे पक्षी उडाले. ते उठून उभे राहिले. "फान! घ्या, फान! फान मेईचू, मीठवाडी, जुनी गल्ली, बोईट तीन टोपल्या! फान आबा, दीपगृहाच्या मागे, सहावा मजला, कोळंबी, ताजी कोळंबी! फान, फान, कोण घेतंय फान? पापलेट आलं, पापलेट, गल्ली नाही, घर नाही, मजला चौदावा..."

चिन्हायचं तोंड उघडं ते उघडंच. बूदायमध्ये चौदावा मजला नाही. दीपगृहाच्या मागे समुद्र आहे. पण शब्द घुसवायला फट नव्हती. ह्या माणसाने तीस-चाळीस दलालांना एकाच वेळी गप्प केलेलं होतं. देवळातून लोक बाहेर आले. मासळीवाल्या थांबल्या.

"काका, जरा सावकाश, मी फक्त..."

"तुम्ही घेताय?" काका त्याच्याकडे वळले. "घेणाऱ्याचं नाव बोला! मोठ्याने! आईला ऐकू गेलं पाहिजे! नाव? जन्मतिथी? वेळ? राहता कुठे? गल्ली? घर? मजला? शेठ! शेठ, मोबाईल आणा, लाइव्ह लावा! पाव्हण्यांचं गाऱ्हाणं घालायचंय, अख्ख्या ताइपेला ऐकू दे! नाव काय म्हणालात?"

माणूस एक पाऊल मागे सरकला. "नको, नको. माझं कशाला..."

"नाव! पत्ता!"

आता अंगणातली सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि ह्वांगशेठ खरोखरच मोबाईल घेऊन पायऱ्या उतरत होते. त्याने हात तोंडापुढे धरला. क्षणभर तो गोडवा उतरला आणि खालचं जे दिसलं ते बघून एका मासळीवालीने पोराला जवळ ओढलं. "म्हातारा खुळा झालाय," तो पुटपुटला आणि गाडीकडे गेला. एका कोळणीने गाडीचा नंबर मोठ्याने वाचला, काही कारण नव्हतं, आपला आवाज कसा लागतो ते बघायला.

काका बसले. चहाचा डबा टेबलावरच राहिला होता.

"छिंगशुई," चिन्हाय घाबऱ्या आवाजात म्हणाला, "अरे, तुला बरं वाटतंय ना? माझ्याच घराचा पत्ता विसरलास?"

"विसरलो. आणि तूही विसर." मग त्यांनी चिन्हायची कॉलर धरून त्याचा कान जवळ ओढला. ऐकता ऐकता चिन्हायचा चेहरा पांढरा पडला. उठला, घराकडे चालू लागला, मग धावू लागला. त्या वयात धावणं शोभत नाही, पण धावला.

चहाचा डबा काकांनी आईपुढे ठेवला.

याचिन गाडीचा नंबर घेऊन पोलीस चौकीत गेली, सोबत युएलीकाकू. कोर्टाचा कागद, गाडीचा नंबर, अंगणभर साक्षीदार, तेव्हा ह्या खेपेला चौकीतल्या माणसालाही खुर्चीवरून उठावं लागलं. ती गाडी पुन्हा बूदायच्या रस्त्यावर दिसली नाही.

गावात मात्र काकांची पत गेली ती गेली. छिंगशुईचं डोकं फिरलं, लिलाव आणि गाऱ्हाणं एक करायला लागला, ही बातमी भाजीबाजारातून युएलीकाकूच्या कानावर आली. बायका हळहळल्या, कोणी औषधी मुळ्या दिल्या. काकूने त्या घेतल्या, सूप केलं. काकांना फार लागलं असेल असं तिला वाटलं होतं. पण ते सूप भुरकत म्हणाले, "चिन्हायला दोन वेळा चहा पाजावा लागला. पाहुणे विचारतात, मी चुकतो. बरं चाललंय." काकू त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग वाडग्यात आणखी एक पळी वाढली. त्यांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तिने त्यांच्याकडे असं बघितलं होतं ते लग्नाच्या आधी एकदाच.

एका रविवारी याचिन देवळात आली. डोक्यावर टोपी नव्हती, रुमाल नव्हता. सोबत मुलगी. याचिनने खिडकीतून आत घडी घातलेला कागद सरकवला, तोच, चार घड्यांचा. आता त्यावर पत्ता होता.

काकांनी माइक काढून खिशात ठेवला, पायऱ्या चढले, आणि पोरीचं सगळं आईच्या कानात सांगितलं. हातभर अंतरावर येऊन उभ्या राहिलेल्या याचिनलाही ऐकू गेलं नाही. दिवा लागला. खाली नावाच्या जागी नुसतं "एक लेक" लिहिलं. कागद भट्टीत गेला.

पोरगी दिव्याकडे बघत होती. मग काकांचा झगा ओढून म्हणाली, "आजोबा, आमची दाराजवळची पिशवी आहे ना, आईने ती रिकामी केली. आता तिच्यात कांदे ठेवलेत."

काका खाली वाकले.

"कुठली पिशवी?" ते म्हणाले, पोरीला कसंबसं ऐकू जाईल इतक्या हळू. "मला तर बाई, हल्ली काही आठवतच नाही."